हंगामी धंद्याचा डेटाबेस: स्वतः सांभाळावा की व्यवस्थापित घ्यावा?

आंब्याच्या ऑर्डरी नोंदवणाऱ्या छोट्या प्रणालीसाठी क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (मुंबईतील डेटा सेंटरांच्या समूहात) साधे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे भाड्याचा आभासी संगणक, घेऊन त्यावर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर स्वतःच बसवावे, ते स्वस्त पडते, असा सल्ला दिला जातो. मासिक बिलापुरते ते खरे असेलही. परंतु पॅच (सॉफ्टवेअरमधील दुरुस्त्या) लावणे, बॅकअप घेणे आणि मुख्य म्हणजे तो बॅकअप परत उभा राहतो का हे तपासणे, ही कामे कोण करणार, याचा हिशेब त्यात धरलेला नाही. रत्नागिरीतील आमच्या बागेच्या नोंदी अशाच मशीनवर होत्या. ऐन एप्रिलमध्ये डिस्क भरली आणि रात्रीचा बॅकअपही त्याच डिस्कवर लिहिला जात होता, हे त्या दिवशी कळले. (दोष अर्थातच माझा.)

दुसरा पर्याय व्यवस्थापित डेटाबेसचा, म्हणजे ज्याची बरीचशी देखभाल क्लाउड कंपनीच करते अशा सेवेचा. ॲमेझॉन आरडीएस ही अशीच सेवा असून तिच्यात स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवता येतात. मल्टी-एझेड रचनेतील (डेटाबेसची जुळी प्रत त्याच रीजनमधल्या दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, ठेवणाऱ्या रचनेतील) ती प्रत मात्र बॅकअप समजू नये, कारण चुकून चालवलेला डिलीट तिथेही लगेच पोहोचतो.

हंगाम संपल्यावर, जूननंतर, इन्स्टन्स (आरडीएसवर चालणारा आपला डेटाबेस सर्व्हर) थांबवून ठेवणे हा उपायही अर्धाच आहे: ७ दिवसांनी ती आपोआप सुरू होते आणि थांबलेल्या काळातही साठवणुकीचे पैसे पडतातच. म्हणून शेवटची पेटी रवाना झाली की आम्ही स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घेऊन इन्स्टन्स काढून टाकतो आणि झाडे मोहोरली की त्यावरून नवी उभी करतो. त्या वेळी पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंग्ज) आणि सिक्युरिटी ग्रुप (कोणाला जोडता येईल याचे नियम) पूर्वीचेच लागले आहेत ना, हे नजरेखालून घालावे.