'ग्राउंड क्लिप': भूसंपर्क, अर्थ की आणखी काही?

भाषांतरी: ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) निवडण्याविषयीचा लेख मराठीत करतेय. प्रोबच्या (मोजायच्या वायरीच्या) 'ग्राउंड क्लिप'ला 'भूसंपर्क चिमटा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'अर्थचा चिमटा' केलं. काय ठेवू?

तांबेपट्टी: दोन्ही नको. बॅटरीवरच्या सर्किटचं ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट धरलेला बिंदू, जमिनीशी त्याचा संबंध नाही. अर्थ म्हणजे थ्री-पिन प्लगची जाड पिन.

शुद्धमती: मग 'शून्यतार' लिहा. संस्कृतने दिलेलं शून्य असताना उसनवारी कशाला?

तांबेपट्टी: वायरमन त्याला न्यूट्रल समजेल. पुढे फटाका.

दोनचॅनेल: इथे तपासणारे चुकून बरोबर ठरलेत. टेबलावरच्या प्लगवाल्या स्कोपचा चिमटा बीएनसीच्या (प्रोब जोडायच्या सॉकेटच्या) कवचातून थेट अर्थच्या पिनेलाच जोडलेला असतो आणि सगळ्या चॅनेलचे चिमटे आतून एकच. म्हणून एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेन्सच्या, बाजूला तो लावला की शॉर्ट. काहीजण यावर उपाय म्हणून अर्थची पिन काढतात. मग स्कोपची बॉडीच जिवंत होते. तिथे दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोबच हवा.

शुद्धमती: 'जिवंत' हे इंग्रजीचं ओझं. मराठीत 'बॉडीला करंट येतो'.

दोनचॅनेल: मान्य. शॉक तेवढाच बसतो.

भाषांतरी: म्हणजे बॅटरीवरच्या हँडहेल्ड स्कोपला 'अर्थ' चालणार नाही?

तांबेपट्टी: नाहीच. 'ग्राउंड' ठेवा.

नवशिका: विषय निघालाच आहे तर, आयटूसी (दोन तारांची डेटा बस) सेन्सर मधूनच गप्प बसतो. 24 मेगाहर्ट्झचा, 8 चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर पुरेल?

दोनचॅनेल: 400 किलोहर्ट्झच्या बसला भरपूर. पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता आणि ॲक/नॅक (पोच मिळाली की नाही) वाचता येतात. सॅम्पलिंग बसच्या घड्याळाच्या किमान चौपट ठेवा. त्यामुळे 8 मेगाहर्ट्झच्या एसपीआय बसला हा तोकडा पडतो. पण ॲनालायझरला फक्त 0 आणि 1 दिसतात, कड किती रेंगाळली ते नाही. पुल-अप (तारेचं व्होल्टेज वर खेचणारा रेझिस्टर) 10 किलोओहम आणि बसची कपॅसिटन्स 200 पिकोफॅरड असेल तर चढायला सुमारे 1.7 मायक्रोसेकंद लागतात. 400 किलोहर्ट्झला मर्यादा 0.3 ची. हे स्कोपवरच कळतं, त्याला 50 मेगाहर्ट्झही पुष्कळ. प्रोब 10एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, 1एक्सवर त्याचीच कपॅसिटन्स बसवर चढते.

शुद्धमती: 'पुल-अप'ला 'ऊर्ध्वकर्षी रोधक' आहे की!

तांबेपट्टी: दुकानात मागून बघा. नवशिका, आधी 2.2 किलोओहम लावा आणि वायर आखूड करा.