हजेरी दाट तर शाळा चांगली? सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन शाळांचा हिशेब

पूर्वभागकर
पोरीची शाळा बदलावी का, म्हणून परवा मनपाच्या दोन शाळांत जाऊन बसलो. नावं घेत नाही. दोन्हींचा पट दरवर्षी गळतोय. इकडच्या शाळेत चौथीच्या पटावर 31, बाकांवर 17. तिकडं 28 पैकी 25. तिकडची बरीच पोरं दुसरीच्या पुस्तकातला उतारा घडाघडा वाचतात, इकडची जोडाक्षराला अडतात. शिक्षकांना झोडपणं बंद करा. पोरगं वर्गातच नसेल तर गुरुजी काय भिंतीला शिकवणार? दोष पालकांचा.

विडीवालीची_लेक
लई सोपं हाय ओ पालकांना बोलणं. तुम्ही गेलात त्या दिवशी इकडं नळाला पाणी आलं होतं का, विचारलंत? आमच्यात चार-पाच दिवसांनी येतं. आई विड्या द्यायला गेलेली, मग घागरी कोण भरणार? मीच, धाकट्याला कडेवर घेऊन. त्या दिवशी मी गैरहजर. तुम्ही एका दिवसावर शाळेचं प्रगतिपुस्तक लिहून मोकळे!

माजी_गुरुजी
तिकडच्या 25 वरही भाळू नका. खिचडी झाली की किती दप्तरं उरतात ते बघा. हजेरी सकाळीच लागलेली असते. शिवाय शिक्षण हक्क कायदा (2009) आल्यापासून वरच्या वर्गात ढकलणं ठरलेलं. 2023 पासून पाचवी-आठवीला परीक्षा परत आली, पण पहिली ते चौथीत साचलेलं सगळं पाचवीत एकदम वर येतं. तेव्हा आईबाप जागे होतात.

तेलुगू_घरचा
काय बे पूर्वभागकर, इकडची पोरं घरी कुठली भाषा बोलतात ते बघितलंस का? आमच्या घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू. पहिलीत मी एक दिवस बुडवला नाही. 'कणीस' म्हणजे काय, हे वर्षअखेरीला कळलं. हजेरी पूर्ण, डोक्यात अंधार. आपल्याच जिल्ह्यात पारितेवाडीला डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले, मग पोरींसाठी पुस्तकं त्यांच्या भाषेत केली, क्यूआर कोड लावले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्याच कामाला. हजेरी त्यानंतर वाढली. पोरं येत नाहीत म्हणून कळत नाही, की कळत नाही म्हणून येत नाहीत?

पूर्वभागकर
भाषेचं मान्य. इकडच्या बाई मराठीतच बोलत होत्या आणि मागच्या दोन बाकांवर तेलुगूत कुजबुज चालली होती, मला वाटलं दंगा. पण गुरुजी, खिचडीनंतर पळणारी तिकडंही असतीलच ना? तरी तिकडची वाचतात. हजेरीचा मुद्दा मी सोडत नाही.

माजी_गुरुजी
सोडू नका. दुपारी अडीचला जाऊन परत मोजा.

विडीवालीची_लेक
आणि इकडं पाण्याच्या दिवशी या. उद्या आहे. मोजून झालं की दोन घागरी उचलू लागा.