मदत हवी आहे: कार्बन फायबरचा पूल क्यू शाफ्ट चिकट झालाय

पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळायच्या काठीचा, म्हणजे क्यूचा, पुढचा भाग म्हणजे शाफ्ट. माझा कार्बन फायबरचा, टिपेजवळ (चेंडूला लागणाऱ्या टोकाजवळ) १२.४ मिमी, काळा मॅट फिनिश. दोन वर्षं नुसत्या मायक्रोफायबर कापडाने पुसून भागत होतं. मागच्या महिन्यात अतिशहाणपणा केला आणि गाडीचं पॉलिश लावलं. दोन दिवस लोण्यासारखा सरकला. आता टिपेपासून वीतभर भाग, म्हणजे नेमका जो ब्रिजच्या (क्यू टेकवायच्या हाताच्या) बोटांतून जातो तो, चकचकीत दिसतो आणि घाम आला की स्ट्रोक मध्येच अडकतो. टिपेला लावायच्या खडूची निळी झाकही तिथेच बसली आहे.

करून पाहिलेलं: ओलं कापड (शून्य फरक), ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल तीनदा (निळेपणा बराच गेला, चिकटपणा अर्ध्या तासात परत), मेलामाइन स्पंज हलक्या हाताने (फेरूलजवळ, म्हणजे टिपेखालच्या कड्याजवळ, थोडं उजळलं, म्हणून घाबरून थांबलो). ॲसिटोन लावलेलं नाही. शाफ्ट सरळ आहे, चीर नाही, टिप नवीन आहे. ग्लोव्ह आहे, पण तो कायम घालायचा नाही.

क्लबमधले लाकडी शाफ्टवाले सरळ पॉलिश पेपर मारायला सांगतात. पण लाकूड वेगळं. इथे वरचं रेझिन (कार्बनचे धागे बांधून ठेवणारा थर) गेलं तर धागे उघडे पडतील, आणि ती धूळ नाकात नको.

पॉलिशमधलं सिलिकॉन पूर्ण काढायला रेझिनला धक्का न लावणारं काय वापरू? आणि तो चकचकीत भाग पुन्हा मॅट करायला २००० नंबरचा पेपर पाण्यातून चालेल, की तिथे हातच लावू नये? कोणी स्वतःच्या कार्बन शाफ्टवर केलंय का?