आर्टरी, कोकर, ॲलिस, बॅबकॉक – ट्रॉलीवर सगळे सारखेच दिसतात, पटकन ओळखायचे कसे?

ओटी_शिकतेय_नांदेड

नमस्कार सगळ्यांना, मी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा डिप्लोमा करतेय, पहिलं वर्ष, सध्या मेजर ओटीला पोस्टिंग लागलंय. इन्स्ट्रुमेंटची नावं पाठ आहेत, व्हायवात विचारली तर धडाधड सांगता येतील, पण खऱ्या केसमध्ये ट्रॉलीवर एवढे क्लॅम्प (टिश्यू, रक्तवाहिनी पकडायचे चिमटे) एका लायनीत लावलेले असतात आणि सगळ्यांना दोन रिंगा, मधे जॉइंट, रिंगांजवळ रॅचेट (दातेरी लॉक), सगळं सेम टू सेम. सर्जन मान वर न करता नुसता हात पुढे करतात, "कोकर" म्हणतात, आणि मी एकेक टोक निरखत बसते तोवर सिस्टर पलीकडून देऊन मोकळ्या होतात. वहीतल्या चित्रांचा फार उपयोग होत नाही, चित्रात मॉस्किटो आणि आठ इंची आर्टरी एकाच मापाची काढलेली असते.

पटकन ओळखायची काही खूण आहे का? आणि एकाच्या जागी दुसरं दिलं तर नेमकं काय बिघडतं? हे कळलं तर डोक्यात बसेल असं वाटतं, नुसतं पाठांतर टिकत नाही. अजून एक, केस संपल्यावर धुवायच्या वेळी आमच्याकडे दोन मतं आहेत, सिस्टर म्हणतात रॅचेट उघडी ठेव, ओटीतले मामा (मदतनीस) म्हणतात लॉक करून ठेवली की गुंतत नाहीत. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

स्क्रब_सिस्टर

अगं, हँडलकडे बघणं आधी सोडून दे, सगळी ओळख टोकाला आहे. केस नसेल त्या दिवशी सिस्टर इन्चार्जना विचारून एक सेट घेऊन बस आणि प्रत्येक क्लॅम्प उघडून जबड्याच्या आतून बोट फिरव. आर्टरीला आडव्या रेघा लागतील आणि टोक साधं असेल. तशाच आडव्या रेघा, पण टोकाला एका बाजूला एक दात आणि समोर दोन, बंद केलं की तो एक दात दोघांच्या मधे जाऊन बसतो, तो कोकर. ॲलिस बंद करून उजेडात धर, जबड्यांमधे फट दिसेल, ते फक्त टोकाला भेटतात आणि तिथे बारीक दातांची ओळ एकमेकांत बसलेली असते. बॅबकॉकचं टोक गोलसर, फुगीर, मधे खिडकी आणि दात अजिबात नाही. मॉस्किटो म्हणजे पाचेक इंचाची नाजूक आर्टरीच, लहान मुलांच्या केसला, हर्नियात सॅक उचलायला, बारीक रक्तवाहिनीला लागते. एवढे पाच हाताला नीट ओळखू आले की पोटाच्या बहुतेक केसेस निभावतात, बाकीचे हळूहळू येतात.

काय बिघडतं ते टाक्याच्या (नसबंदीच्या) केसला उभी राहशील तेव्हा बघ. मिनिलॅपमध्ये पोटावर एवढीशी चीर असते, त्यातून सर्जन बॅबकॉकने ट्यूब (गर्भनलिका) उचलतात, ट्यूब त्या गोल खिडकीत अलगद बसते, मग दुसरा बॅबकॉक जरा पुढे, मग परत पहिला त्याच्या पुढे, असं सरकत सरकत ट्यूबच्या टोकाच्या झालरीपर्यंत जातात, कारण झालर दिसल्याशिवाय ती ट्यूबच आहे, राउंड लिगामेंट (शेजारचा दोरीसारखा बंध) नाही, याची खात्री होत नाही. आता त्या जागी तू ॲलिस दिलास तर दात ट्यूबमध्ये आणि तिच्याखालच्या पातळ पडद्यात रुतणार, त्या पडद्यात शिरांचं जाळं असतं, एक फाटली की बारीकशा चिरेतून रक्त थांबवत बसायचं, दहा मिनिटांची केस तासावर जाते आणि भूल वाढवावी लागते. म्हणून कोणता क्लॅम्प मागतील याचा अंदाज घ्यायचा असेल तर सर्जनच्या तोंडाकडे नाही, जखमेत बघायचं, आता हातात काय येणार आहे ते दिसतं.

जनरल_सर्जन

सिस्टरांनी ओळख अगदी बरोबर सांगितली, मी त्यामागचं कारण सांगतो म्हणजे पाठ करायची गरज उरणार नाही. क्लॅम्प घेताना आमच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, जे पकडतोय ते पेशंटच्या शरीरात राहणार आहे की कापून बाहेर जाणार आहे. जे बाहेर जाणार किंवा जे मुळातच चिवट आहे त्याला दात चालतो, जे आत राहून उद्यापासून काम करणार आहे त्याला दात लावायचा नाही. आतडं कापून जोडतो तेव्हा हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. जो तुकडा काढायचा त्या बाजूला क्रशिंग क्लॅम्प, उदाहरणार्थ पेयरचा, तो जड, दुहेरी लिव्हरचा, अडकित्त्यासारखा दिसतो, आतड्याचा चेंदा करतो आणि घाण बाहेर सांडू देत नाही. जे टोक राहणार त्या बाजूला डॉयेनचा ऑक्लूजन क्लॅम्प, लांब, लवचिक पात्यांचा, आत उभ्या रेघा, आणि तोही बेतानेच दाबायचा, आतलं वाहणं थांबलं पाहिजे पण आतड्याचा रक्तपुरवठा थांबता कामा नये. या दोघांची अदलाबदल झाली तर शिवायची कडाच मेलेली, आणि मेलेल्या कडेवर टाके टिकत नाहीत, काही दिवसांत लीक होतं, पेशंट परत टेबलावर. म्हणून तुमचा "काय बिघडतं" हा प्रश्न मला फार आवडला, तो प्रत्येक विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.

रक्तवाहिनीचंही तेच. जी बांधून टाकायची तिला आर्टरी लावा, तिच्या भिंतीचं काय होतं याला महत्त्व नाही. पण जी शिवून परत चालू करायची तिला बुलडॉग, सॅटिन्स्की किंवा डीबेकीच्या पद्धतीचा क्लॅम्प, ज्याच्या जबड्यात अगदी बारीक दातांच्या ओळी असतात, पकड बसते पण आतलं अस्तर चिरडत नाही. साधी आर्टरी लावून सोडलेल्या धमनीचं अस्तर फाटतं आणि तिथेच गुठळी होते.

आणि ही नावं पाठ करताना माणसंही लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पेआन आणि इंग्लंडमध्ये स्पेन्सर वेल्स यांनी लॉक होणारे आर्टरी फॉरसेप रुळवले, त्याआधी रक्तवाहिनी चिमट्याने किंवा बोटाने धरून ठेवायला माणूस अडकून पडायचा. रॅचेट आलं आणि तो हात मोकळा झाला. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला थिओडोर कोकर थायरॉइड करायचे, त्या काळी गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन म्हणजे रक्तस्रावाने मरण असंच लोक धरून चालायचे. त्यांनी एकेक रक्तवाहिनी आधी पकडायची, मग कापायची ही शिस्त इतकी पाळली की मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या खाली आणलं, 1909 चं नोबेल त्यांना थायरॉइडवरच्या कामासाठीच मिळालं. मॉस्किटो अमेरिकेतल्या सर्जन हॉलस्टेडचा, तोही टिश्यूला कमीत कमी दुखवण्याबद्दल फार काटेकोर.

गायनॅक_ओपीडी

कोकरबद्दल भर घालते. हिस्टरेक्टॉमीत (गर्भाशय काढायच्या ऑपरेशनात) गर्भाशयाच्या बाजूच्या पेडिकलला (रक्तवाहिन्या असलेल्या टिश्यूच्या पट्ट्याला) कोकर लागतो कारण तिथला टिश्यू जाड आणि निसरडा, साधी आर्टरी घसरू शकते, कोकरचा टोकाचा दात ती घसरू देत नाही. लेबर रूममध्ये पाण्याची पिशवी फोडायलाही आपल्याकडे कोकरच घेतात.

आणि सिझेरियनला ग्रीन आर्मिटेज विसरू नकोस. रुंद तिकोनी टोक, दात नाही, आडव्या रेघा. बाळ बाहेर आलं की गर्भाशयाच्या चिरेचे दोन्ही कोपरे आणि वरची-खालची कड यांनी धरतात, रुंद असल्यामुळे एकाच वेळी बराच भाग दाबला जातो आणि वाहणं कमी होतं, पकडायचं आणि रक्त थांबवायचं अशी दोन्ही कामं होतात. ज्यांच्या नावाचा तो आहे ते डॉक्टर कलकत्त्याच्या ईडन हॉस्पिटलमध्ये काम करायचे. बऱ्याच ठिकाणी सेटमध्ये चार ठेवतात, सिझेरियनची ट्रॉली लावताना हे आधी बघून घे, त्या घाईत शोधायला वेळ मिळत नाही.

ओटी_मराठवाडा

सगळं बरोबर आहे पण प्रॅक्टिकल बोलायचं तर लहान हॉस्पिटलात एवढं सगळं नसतं, दोन डझन आर्टरी आणि चार ॲलिस यावर सगळं चालतं. सक्शनची नळी, कॉटरीची (विजेने रक्त थांबवायच्या उपकरणाची) वायर ड्रेपला (पेशंटवर पसरलेल्या कापडाला) लावायला पण आम्ही आर्टरीच वापरतो, काही होत नाही. लॉक करून धुतलं तरी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये) सगळं मरतंच ना.

सीएसएसडी_काका

भाऊ, माफ करा पण इथे मी स्पष्ट बोलणार, कारण या सवयींचा परिणाम शेवटी आमच्या सीएसएसडीच्या (इन्स्ट्रुमेंट धुऊन निर्जंतुक करायच्या विभागाच्या) टेबलावर येतो. आर्टरी बनवलीय पातळ टिश्यूसाठी. तिने जाड नळी किंवा घडी घातलेलं ड्रेप रोज पकडलं की जबडे फाकतात, जॉइंट ढिला होतो, आणि दिसायला चांगली असते म्हणून ती परत सेटमध्ये जाते. मी आधी जिथे होतो तिथे एका केसमध्ये पेडिकलवर लावलेली आर्टरी आपोआप सुटली होती, सर्जनने लगेच बोट लावलं म्हणून निभावलं, नंतर बघितलं तर रॅचेटचे दात झिजलेले. नळीला, ड्रेपला टॉवेल क्लिप आहे, ती वापरा, नसेल तर झिजलेल्या आर्टऱ्यांना रंगीत टेप लावून त्या फक्त या कामाला वेगळ्या काढा.

लॉक करून धुण्याबद्दल, वाफ जिथे पोचत नाही तिथे निर्जंतुक होत नाही, एवढं साधं आहे. रक्त सगळ्यात जास्त साचतं ते बॉक्स जॉइंटमध्ये (दोन भुजा जुळतात तिथे) आणि रॅचेटच्या दातांत, लॉक केलं की नेमकी तीच जागा झाकली जाते. 121 डिग्री असो की 134, वाफेने पृष्ठभागाला लागायला हवं, वाळलेल्या रक्ताच्या आत ती जात नाही. शिवाय लॉक असताना तापलं की धातू पसरायला जागा नसते, ताण सगळा जॉइंटवर येतो आणि तिथे तडा जातो. ताई, तुमच्या सिस्टरांचं बरोबर आहे. मामांची अडचणही खरी आहे, उघडी इन्स्ट्रुमेंट एकमेकांत अडकतात, त्यासाठी स्ट्रिंगर मिळतो, रिंगांतून सळी जाते, सगळी उघडी आणि ओळीत राहतात.

आणखी एक, केस चालू असताना रक्त लागलेली इन्स्ट्रुमेंट सलाइनच्या वाडग्यात टाकून ठेवू नका. मिठाने स्टीलवर बारीक खड्डे पडतात, हायपोक्लोराइटने तर जास्तच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या गॉजने पुसून ठेवा. जॉइंट कडक झाला म्हणून मशीनचं तेल घालू नका, तेलाच्या थराखाली वाफ जात नाही, पाण्यात विरघळणारं इन्स्ट्रुमेंट ल्युब्रिकंट मिळतं ते घ्या.

सेट पॅक करायच्या आधी मी दोन गोष्टी बघतो. पहिल्या रॅचेटवर लॉक करून उजेडासमोर धरायचं, आर्टरीच्या टोकाला फट दिसली तर ती बाद. मग तसंच लॉक असताना रॅचेटची बाजू टेबलावर हलकीच आपटायची, सुटली तर दुरुस्तीला.

वैद्य_सातारा

सर्जन साहेबांनी युरोपपासून सुरुवात केली म्हणून आपल्याकडचंही सांगतो. सुश्रुतांनी 101 यंत्रं सांगितलीत, त्यातली 24 स्वस्तिक यंत्रं म्हणजे दोन भुजा खिळ्याने जोडलेली पकडायची साधनं, आणि त्यांची नावं टोकाच्या आकारावरूनच आहेत, सिंहमुख, व्याघ्रमुख, काकमुख, कंकमुख. त्यात कंकमुख श्रेष्ठ म्हटलंय कारण ते सहज आत जातं, घट्ट पकडतं आणि सहज बाहेर येतं. आणि सगळ्या यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र, असंही तिथेच सांगितलंय.

ओटी_शिकतेय_नांदेड

सगळ्यांना मनापासून थँक्यू! राहणार की जाणार हे एकदम डोक्यात बसलं, आज ॲपेंडिक्सच्या केसला बॅबकॉक मागितला तेव्हा आधीच हातात घेऊन उभी होते. सिस्टर, अजून एक शंका, क्लॅम्प देताना लॉक करून द्यायचा की उघडा? आणि पोट बंद करताना काउंट (इन्स्ट्रुमेंटची मोजणी) जुळला नाही तर नवीन माणसाने बोलायचं कसं, सगळे घाईत असतात.

स्क्रब_सिस्टर

पहिल्या रॅचेटवर लॉक करून द्यायचा. तू जॉइंटजवळ धर, रिंगा सर्जनच्या तळहातावर जाणवतील अशा ठेव, वाकड्या आर्टरीचा बाक त्यांच्या हाताच्या वळणाकडे, म्हणजे त्यांना हातात फिरवावी लागत नाही.

काउंटचं म्हणशील तर चीर द्यायच्या आधी, पोट बंद करायच्या आधी आणि कातडी शिवायच्या आधी, तिन्ही वेळा सर्क्युलेटिंग सिस्टरबरोबर (बाहेरून सामान देणाऱ्या) मोठ्याने मोजायचं, मनात नाही. नाही जुळलं तर मोठ्याने म्हणायचं, "सर, एक आर्टरी कमी आहे, बंद करू नका," एवढंच. मग परत मोजणी, ड्रेपच्या घड्या, जमीन, मॉपची बादली, तरी नाही सापडली तर टेबलावरच एक्स-रे. चांगला सर्जन यावर चिडत नाही, आणि एखादा चिडला तरी आकडा जुळेपर्यंत नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) त्याच्या हातात द्यायचा नाही.