'लाजलास' की 'लाजलीस'? चिठ्ठी कुणालाही निघणार असेल तर

कोरा कागद:
मित्रमंडळींसाठी 'खरं सांग, नाहीतर करून दाखव'च्या चिठ्ठ्या मराठीत करतेय. साठेक प्रश्न झालेत, काही मजेचे, काही भोचक, काही प्रेमाबिमाचे. अडचण अशी की चिठ्ठी मुलाला निघणार की मुलीला हे आधी माहीत नसतं, आणि मराठी क्रियापद नेमकं तेच विचारतं. 'तू शेवटचं कुणासमोर लाजलास?' लिहिलं की जमलेल्यातल्या निम्म्या जणी बाहेर. 'लाजलास/लाजलीस' असंही करून पाहिलं. मागच्या वेळी मैत्रीण मोठ्याने वाचताना त्या तिरक्या रेघेपाशी अडली, आपलं रूप निवडलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तोवर प्रश्नातली गंमत गेली होती. असा प्रश्न एका दमात यायला हवा.

बरेच प्रश्न सुटले. 'तू कुणाला चोरून पाहिलंस?', 'कुणाचा नंबर पुसून पुन्हा साठवलास?' यांत काहीच कळत नाही, कारण क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. 'तुला कोण आवडतं?' तर दोन्ही बाजूंनी झाकलेलं, विचारलं जातंय ते माणूसही आणि आवडणारंही. पण 'लाजणे' हटत नाही. 'तुला शेवटची लाज कधी वाटली?' हा भलताच प्रश्न होतो. लाजणं गोड, लाज वाटणं कडू. काय लिहू?

तळटीप:
सरळ 'तुम्ही' करा. 'तुम्ही कुणासमोर लाजलात?' दोघांनाही चालतं.

कोरा कागद:
चालतं, पण ज्याच्या खांद्यावर हात टाकून बसलोय त्याला 'तुम्ही लाजलात' कसं म्हणू? मुलाखत घेतल्यासारखं वाटतं.

रात्रपाळी:
'तुला शेवटचं कुणी लाजवलं?'

तळटीप:
लाजवणे म्हणजे मान खाली घालायला लावणे. 'या वयात तरुणांना लाजवील असं काम' म्हणतो ना आपण, तिथे कुणी गालात हसत नसतं.

दुसरी वही:
मी याच भिंतीवर आपटलोय. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेले ३६ प्रश्न आहेत, अनोळखी माणसांत जवळीक निर्माण व्हावी म्हणून रचलेले. घरच्या घरी मराठीत करायला बसलो होतो. त्यातला एक, दुसऱ्या कुणासमोर शेवटचं कधी रडलास. पुन्हा तेच, रडलास की रडलीस. मग सुचलं, 'तुला कुणासमोर शेवटचं रडू कधी आलं?' रडू येतं, हसू येतं. ते येणारं, आपण फक्त जागेवर असतो. पण 'लाजू' येत नाही! का येत नाही, यावर दोन दिवस डोकं घालवलं.

कोरा कागद:
अगदी हेच! रडू, हसू आहे, लाजू का नाही?

रात्रपाळी:
बोलताना 'मला लाजायला होतं' म्हणतातच की. 'तुला शेवटचं लाजायला कधी झालं?'

जुना पाठ:
हे मराठी नव्हे. 'मला बोलायला होत नाही' म्हणजे बोलणं जमत नाही. 'लाजायला झालं' हा अलीकडचा ढिलेपणा. 'लाजल्यासारखं झालं' म्हणा.

तळटीप:
त्यात ओशाळल्याचा वास येतो. आणि 'भरून आल्यासारखं झालं, रडायला झालं' हे मी माझ्या आईकडून ऐकत आलेय. ती काही अलीकडची नाही.

रात्रपाळी:
बरं, 'तुझा पहिला क्रश कोण?' या चिठ्ठीचं काय केलंत? आमच्यात मुलीविषयी बोलतानाही 'माझा क्रश' म्हणतात. क्रश पुल्लिंगीच राहतो, माणूस कुणीही असो. मला तो शब्द आवडतो, झाकून ठेवतो सगळं.

जुना पाठ:
झाकायला इंग्रजी कशाला? भाळणे आहे, भुलणे आहे, भुरळ पडणे आहे. आता तुम्ही 'प्रेमात पडणे'सुद्धा मराठी समजत असाल. ते इंग्रजीचं शब्दशः भाषांतर. आपल्याकडे प्रेम बसतं, जडतं. त्यात कुणी पडत नाही.

दुसरी वही:
इथे मी थांबवतो तुम्हाला. मराठी माणूस मोहात पडतो, भानगडीत पडतो, फंदात पडतो, पेचात पडतो. प्रेम त्याच रांगेत जाऊन बसलं. कल्पना बाहेरून आली असेल, पण बसायला जागा घरात आधीच होती. म्हणून तर ती खुपत नाही.

जुना पाठ:
तुमची सगळी उदाहरणं संकटांची आहेत. मोह, भानगड, फंद, पेच. प्रेमाला त्यात टाकायचं का? मला हे मनापासून लागतं, म्हणून बोलतोय. 'जीव जडला' म्हणताना जडावाचा दागिना डोळ्यासमोर येतो, खडा कोंदणात बसावा तसा.

तळटीप:
जडतो आजारही, आणि व्यसनही.

दुसरी वही:
पण 'जीव जडला'त एक गोष्ट कुणी पाहिली नाही. जडतो तो जीव. 'तुझा जीव पहिल्यांदा कुणावर जडला?' चिठ्ठी कुणालाही निघो, जीव पुल्लिंगी तो पुल्लिंगीच. 'तुझं मन कुणावर बसलं?' मन नपुंसकलिंगी. 'तुझ्या मनात पहिल्यांदा कोण भरलं?' दोन्ही बाजू झाकलेल्या. जुन्या बोलीत माणूस कर्ता नसतोच, त्याचं मन असतं. 'प्रेमात पडलास' म्हटलं की माणूस पुढे येतो आणि लिंग लागतं. भाळणे, भुलणे यांतही तेच, 'भाळलास, भाळलीस'. म्हणजे शुद्ध-अशुद्धचा वाद बाजूला ठेवला तरी चिठ्ठीसाठी मन आणि जीवच उपयोगाचे.

कोरा कागद:
हे वाचून आत्ता चार चिठ्ठ्या फाडून पुन्हा लिहिल्या. 'मनात भरलं' तर मी विसरूनच गेले होते. आमची आजी कापडाचा पट दोन बोटांत चुरून बघायची आणि 'मनात भरत नाही' म्हणून परत ठेवायची. माणसाबद्दल वापरताना त्यात तीच निवड आहे, नुसतं घसरून पडणं नाही.

जुना पाठ:
भाळणे टाकून देऊ नका. मला ते भाळाशी, कपाळाशी जोडलेलं वाटतं, भाळी लिहिलेलं तसं.

तळटीप:
मला 'देखभाल'मधल्या भालशी. तिथे अर्थ बघणे असाच आहे. न्याहाळणेही मला त्याच घरातलं वाटतं. बघत राहिला आणि भाळला. तर्क आहे, पण मला पटतो.

जुना पाठ:
कपाळ अधिक मराठी आहे.

रात्रपाळी:
खेळाच्या नावाचंही बघा कुणीतरी. 'सत्य की साहस' ऐकलं की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वाटतो. इंग्लंडात सतराव्या शतकात या खेळाच्या पूर्वजाला 'प्रश्न आणि हुकूम' अशाच अर्थाचं नाव होतं. 'सवाल की हुकूम' करा ना, ठसका आहे त्यात.

जुना पाठ:
दोन्ही शब्द अरबी!

दुसरी वही:
आणि दोन्ही आता आपले. 'सांग की कर' मात्र सगळ्यात सुटसुटीत. आज्ञार्थाला लिंग नसतं.

कोरा कागद:
'सांग की कर' घेतलं, पाकिटावर लिहूनही टाकलं. पण लाजण्याची चिठ्ठी अजून कोरी आहे हो.

रात्रपाळी:
'तुझं अंग शेवटचं कुणामुळे मोहरलं?'

तळटीप:
सगळ्यांसमोर वाचायचंय. मोहरणं हे लाजण्याच्या बरंच पुढचं.

दुसरी वही:
'कुणाचं नाव निघालं की तुझे गाल लाल होतात?'

जुना पाठ:
गाल लाल होणं हेही बाहेरूनच आलेलं. आपल्याकडे कानाच्या पाळ्या लाल होतात.