राउटरच्या इंटरफेसवर सीआरसी एरर थांबत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, चार दिवसांपासून एका राउटरच्या गिगाबिट पोर्टवर इनपुट एरर वाढतायत. जवळपास सगळेच सीआरसी (वाटेत बिघडलेल्या फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं), थोडे रंट्स (किमान आकारापेक्षा छोट्या फ्रेम). आउटपुट एरर शून्य. लिंक एकदाही पडलेली नाही, म्हणून आधी लक्षच गेलं नाही. मोठी फाइल कॉपी करताना वेग रखडला तेव्हा कळलं.

पहिला संशय डुप्लेक्सवर होता (दोन्ही बाजू एकाच वेळी पाठवतात ते फुल, आळीपाळीने ते हाफ). एक बाजू १०० एमबीपीएस फुल अशी हाताने बांधलेली आणि दुसरी ऑटोवर (वेग-डुप्लेक्स आपोआप ठरवणारी) असली की ऑटोवाली हाफवर येते, हे पूर्वी भोगलंय. पण इथे दोन्ही टोकं ऑटोवर, १००० फुल दाखवतात, आणि समोरच्या स्विचवर लेट कोलिजन (उशिरा होणारी टक्कर, डुप्लेक्स न जुळल्याची खूण) एकही नाही. पॅच कॉर्ड (छोटी जोडकेबल) बदलून काउंटर शून्य केले. तासभर शांत, आणि ट्रॅफिक वाढताच आकडा पुन्हा पळायला लागला.

भिंतीतली केबल अजून तपासलेली नाही, ती वीजवाहिनीला चिकटून गेलीय. सीआरसी फक्त येणाऱ्या फ्रेममध्ये आहेत, म्हणजे दोष स्विचचा पोर्ट, केबल किंवा माझ्याच पोर्टचा रिसीव्हर यांपैकी एकात असणार ना? लिंक फार वेळ बंद ठेवता येत नाही. आधी स्विचचा पोर्ट बदलू की तात्पुरती केबल बाहेरून टाकून बघू? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.