पॅरिसमध्ये फिरताना घ्यायची काळजी : तुमचे अनुभव लिहा

या उन्हाळ्यात आपल्यातली बरीच मंडळी पॅरिसला निघाली आहेत, काही जण पहिल्यांदाच आणि आईवडिलांना घेऊन. "तिथे खिसेकापू फार" हे सगळ्यांच्या कानावर असतंच, पण तेवढ्याने कुणाचं पाकीट वाचत नाही. नेमकं कुठे, कुठल्या क्षणी काय झालं आणि पुढे काय केलंत, ते बारकाव्यांसकट हवं आहे. लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी एप्रिल २०१३ मध्ये खिसेकापूंच्या त्रासामुळे एक दिवस काम बंद ठेवलं होतं, इतकं हे दुखणं जुनं आहे. पण नुसत्या चोऱ्या नकोत; रस्ता, तब्येत, पैसे, रात्रीचा प्रवास, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. मेट्रोत सगळ्यात जपायची जागा म्हणजे दार. आमच्यासमोर एक बाई दाराशी उभी राहून फोनवर नकाशा बघत होती. दार बंद होण्याची सूचना वाजली आणि त्याच क्षणी एका मुलाने फोन ओढून फलाटावर उडी मारली. दार बंद, गाडी सुटली, ती बाई आतच. तेव्हापासून आम्ही रस्ता फलाटावर भिंतीकडे पाठ करून बघायचो आणि गाडीत चढताना सगळ्यांचे फोन आतल्या खिशात.

नाशिक
मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली काही माणसं रंगीत दोरे घेऊन उभी असतात. गोड बोलत तुमचं बोट धरतात, मनगटावर गाठ मारतात आणि मग पैसे मागतात. गाठ सुटत नाही आणि तोवर तिघं-चौघं भोवती जमलेले असतात. आमच्या मुलीचा हात धरू लागले तेव्हा यजमानांनी मध्ये येऊन मोठ्याने "नों!" म्हटलं, लगेच मागे सरले. हात खिशात ठेवा, थांबू नका, नजर देऊ नका. ज्येष्ठ सोबत असतील तर पायऱ्यांशेजारच्या फ्युनिक्युलरने (उतारावर दोरखंडाने ओढला जाणारा डबा) वर जा, मेट्रोचंच तिकीट चालतं.

कागदावर सही मागणाऱ्या मुली आणि "ही सोन्याची अंगठी तुमचीच पडली का?" विचारणारे हाही त्यातलाच प्रकार. आयफेलजवळच्या पुलावर तीन वाट्यांखाली गोळी लपवायचा खेळ चालतो, तिथे जिंकणारी माणसं खेळ चालवणाऱ्यांचीच असतात. बघायलासुद्धा थांबू नये.

ठाणे
रस्त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गाडी आधी डावीकडून येते आणि आपली मान सवयीने उजवीकडे वळते. रिव्होली रस्त्यावर तर बराचसा भाग सायकलींना दिलाय, दोन्ही दिशांनी, आणि सायकलवाले भरधाव असतात. एक सायकलवाला माझ्या वडिलांना अगदी चाटून गेला. चोराने पैसे गेले असते, इथे खुबाच मोडला असता. त्यानंतर आई-बाबा आमच्या दोघांच्या मधोमध चालायचे.

पॅरिसमध्ये शिकणारी, मूळची कोल्हापूरची
इथे राहून सांगते, शहराला घाबरू नका. रात्री उशिरा मी एकटी मेट्रोने येते. एरवी शेवटची गाडी साधारण सव्वाला, शुक्रवार-शनिवारी रात्री सव्वादोनला. नंतर नॉक्तिलियां नावाच्या रात्रीच्या बस असतात. रिकाम्या डब्यात न बसता जिथे चार माणसं आहेत तिथे बसते, एवढाच माझा नियम.

कॅफेत बाहेरच्या टेबलावर फोन ठेवू नका. कुणीतरी त्यावर कागद पसरून काहीतरी विचारतं आणि कागद उचलताना खालचा फोनही जातो. खुर्चीच्या पाठीला पर्स अडकवू नका, पट्टा पायात घ्या.

बॅग कुठेही सोडून जाऊ नका, स्वच्छतागृहात जातानाही नाही. जानेवारी २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर इथे बंदूकधारी सैनिक गस्त घालतात. बेवारस सामान दिसलं की स्टेशन रिकामं करतात.

गार द्यु नोर रेल्वे स्टेशनजवळच्या ला शापेल भागात तमिळ दुकानं आणि गणपतीचं देऊळ आहे. इडली-डोशाची आठवण आली की जरूर जा. स्टेशनवर मात्र सामान पुढ्यात धरा.

पुणे
पैशांचं थोडक्यात. कार्डाच्या यंत्रावर "रुपयांत की युरोत?" विचारलं की युरो निवडा, रुपयांत दर वाईट लागतो. आयफेलच्या तिकिटांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालतं. नाविगो ईझी हे मेट्रो-बसचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं घ्या. एका कार्डावर चौघं आत शिरलं तर दंड होतो. विमानतळावर आतमध्ये "टॅक्सी, टॅक्सी" करत येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, बाहेरच्या रांगेतलीच घ्या. शार्ल द गोल विमानतळाहून भाडं ठरलेलं असतं. २०२५ मध्ये सीन नदीच्या उजव्या तीरासाठी ५६, डाव्यासाठी ६५ युरो होतं.

नागपूर
आम्हा नागपूरकरांना वाटलं, युरोपचा काय उन्हाळा! पण पॅरिसमध्ये जुलै २०१९ ला ४२.६ अंश तापमान नोंदलंय, आणि खूप हॉटेलांत एसी नसतो. सासूबाईंना दुपारी घेरी आली. हॉटेलवाल्याने १५ ला फोन लावला, ती तिथली वैद्यकीय मदत. ११२ कुठूनही लागतो. विम्याचा कागद हाताशी होता म्हणून पुढचं सुरळीत झालं. खोली घेताना एसी आहे का, ते आधी विचारून घ्या.

बेळगाव
पासपोर्ट गेलेल्यांसाठी लिहिते. विमानतळाच्या गाडीकडे जाताना जिन्यावर बॅग चढवायला एकाने "मदत" केली, खांद्यावरची पिशवी दुसऱ्याने नेली. आधी पोलिसांत तक्रार देऊन तिची पावती घेतली, दूतावासात ती लागते. आपला दूतावास सोळाव्या विभागात, ला म्युएत मेट्रोपासून चालत. पासपोर्ट-व्हिशाच्या छायाप्रती आणि फोटो नवऱ्याच्या बॅगेत होते, त्यामुळे ओळख पटवायला अडचण आली नाही. इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. पुढचं स्वित्झर्लंड रद्द करावं लागलं. घरून निघायच्या आधी प्रत्येकाच्या बॅगेत दुसऱ्याच्या कागदांच्या प्रती आणि दोन-दोन फोटो टाका, आणि तीच कागदपत्रं ई-मेलमध्येही ठेवा.